मेटिंग न करणारी कॉलनी: यीस्टचा मेटिंग टाइप आणि गप्प जनुकं ओळखायची कशी

प्लेटवर दहा ठिपके. नऊ ठिकाणी दाट, पांढरी वाढ आणि एका ठिकाणी नुसतं अगार. यीस्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा रिकामा ठिपका कधी ना कधी पाहिलेला असतो. बहुतेक वेळा वहीत त्याच्यापुढे 'नॉन-मेटर', म्हणजे दुसऱ्या मेटिंग टाइपच्या पेशीशी मिळून एक न होणारा, असं लिहिलं जातं आणि विषय तिथेच मिटतो. मला वाटतं, खरं काम तिथूनच सुरू होतं. पेशी मेटिंग करत नाही, याची निदान चार कारणं असू शकतात. ती द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली, असेल. मेटिंगच्या यंत्रणेतलं एखादं जनुक बिघडलेलं असेल. एरवी गप्प असणारी जनुकं बोलू लागली असतील. किंवा आपणच टेस्टर (ज्याच्याशी मेटिंग करून पाहतो तो माहितीतला स्ट्रेन) नाहीतर माध्यम चुकीचं निवडलं असेल. प्लेटवर या चारही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा काढायच्या, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

आधी नकाशा डोक्यात पक्का करा

सॅकरोमायसिस सेरेविसीच्या, म्हणजे नेहमीच्या बेकरीच्या यीस्टच्या, तिसऱ्या गुणसूत्रावर हा सगळा खेळ चालतो. हे गुणसूत्र लहान, साधारण ३ लाख १५ हजार बेसजोड्यांचं. सुकेंद्रकी सजीवांपैकी ज्याचा पूर्ण अनुक्रम सर्वांत आधी, १९९२ साली, वाचला गेला ते हेच. त्यावर मेटिंग टाइपची, म्हणजे पेशी ए आहे की अल्फा याची, माहिती तीन ठिकाणी असते. मधल्या भागात मॅट, डाव्या टोकाजवळ एचएमएल आणि उजव्या टोकाजवळ एचएमआर. नेहमीच्या स्ट्रेनमध्ये एचएमएलवर अल्फाची प्रत असते आणि एचएमआरवर ए ची. मॅटवर यांपैकी कुठलीही एक असते, आणि पेशीचं वागणं ठरतं ते फक्त मॅटवर जे असेल त्यावरून.

इथे क्षणभर थांबा, कारण या विषयाचा गाभा इथेच आहे. टोकाच्या दोन प्रती मोडक्यातोडक्या नाहीत. त्यांची जनुकं पूर्ण आहेत, प्रमोटरही (जनुक चालू करणारे डीएनएचे भाग) मॅटवरच्यासारखेच आहेत. तरी त्या गप्प असतात, आणि त्या केवळ जागेमुळे गप्प असतात. तोच डीएनए मॅटवर आला की लगेच बोलू लागतो. १९७७ साली हिक्स, स्ट्रॅथर्न आणि हर्स्कोविट्झ यांनी यासाठी कॅसेटची उपमा वापरली: टेपरेकॉर्डर एकच, बाजूला दोन कॅसेट ठेवलेल्या, आणि जी आत घालाल ती वाजणार.

आता प्रथिनं. मॅटवर अल्फा असेल तर अल्फा१ आणि अल्फा२ तयार होतात. अल्फा१ हे अल्फा पेशीची खास जनुकं चालू करतं, अल्फा२ हे ए पेशीची खास जनुकं बंद करतं. मॅटवर ए असेल तर ए१ तयार होतं, पण एकट्या ए१ ला एकगुणित पेशीत काही काम नसतं. मग ए पेशी ए सारखी वागते कशामुळे? अल्फा१ नसल्यामुळे अल्फाची जनुकं चालू होत नाहीत, आणि अल्फा२ नसल्यामुळे ए ची जनुकं बंद होत नाहीत. थोडक्यात, ए हा पेशीचा मूळ स्वभाव आहे. मॅट पूर्ण उडवून टाकलं तरी पेशी ए सारखीच मेटिंग करते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ए१ आणि अल्फा२ एकाच पेशीत आले की त्यांची जोडी जमते, आणि ही जोडी एकगुणित पेशीची खास जनुकं बंद करते. फेरोमोनचा (जोडीदाराच्या रासायनिक हाकेचा) संदेश आत पोचवणारी जी-प्रथिनं, मॅटवर डीएनए कापणारं एचओ हे एन्झाइम, मायोसिस रोखून धरणारं आरएमई१, सगळं बंद. अल्फा१ चं जनुकही बंद. अशी पेशी मेटिंग करत नाही. द्विगुणित पेशीत हे अगदी योग्यच आहे. पण एकगुणित पेशीतल्या गप्प कॅसेट उघडल्या, तर तिच्यातही ए१ आणि अल्फा२ एकत्र येतात. ती एकगुणित असूनही द्विगुणितासारखी वागू लागते आणि तुमच्या प्लेटवर रिकामा ठिपका उमटतो.

पहिली पायरी: साधी मेटिंग टेस्ट, पण नीट केलेली

टेस्टर दोन लागतात, एक ए आणि एक अल्फा. तपासायच्या स्ट्रेनला जे बनवता येत नाही ते टेस्टरला बनवता आलं पाहिजे, आणि उलटही. बीवाय ४७४१ आणि बीवाय ४७४२ ही जोडी घ्या. पहिली ए आहे आणि तिला मेथिओनिन लागतं, दुसरी अल्फा आहे आणि तिला लायसिन लागतं. ल्युसिन, हिस्टिडिन आणि युरासिल दोघींनाही लागतात. म्हणजे मेथिओनिन आणि लायसिन वगळलेल्या, पण बाकीचे तीन घातलेल्या प्लेटवर दोघींपैकी एकटी कुणीच वाढत नाही, त्यांच्यापासून झालेली द्विगुणित पेशी मात्र वाढते. इथे नवीन माणसं हमखास एक चूक करतात. दोघींना लागणारी गोष्टही माध्यमातून वगळतात, मग काहीच वाढत नाही, आणि दोष बिचाऱ्या स्ट्रेनवर येतो. प्लेट ओतण्याआधी दोन्ही जीनोटाइप एकाखाली एक लिहून काढा.

तपासायचा स्ट्रेन आधी एकेक कॉलनी सुटी होईल असा पसरवा. फ्रीजरमधून काढून थेट ठिपका लावू नका. सुट्या कॉलनींपैकी निदान चार-सहा घ्या, वायपीडी (सगळं पोषण असलेलं नेहमीचं माध्यम) प्लेटवर बोटाच्या नखाएवढे ठिपके लावा आणि ३० अंशांवर रात्रभर वाढवा. दुसऱ्या वायपीडी प्लेटवर टेस्टरचा पातळ, सलग थर वाढवून ठेवा. निर्जंतुक मखमलीवर आधी टेस्टरची प्लेट दाबा, मग त्याच मखमलीवर ठिपक्यांची, आणि शेवटी नवी वायपीडी प्लेट. या प्लेटवर निदान सहा तास मेटिंग होऊ द्या, मग तिचा ठसा निवडीच्या प्लेटवर घ्या. एक-दोन दिवसांत उत्तर मिळतं. सोबत नक्की माहीत असलेली ए, नक्की माहीत असलेली अल्फा आणि एक द्विगुणित, असे तीन कंट्रोल हवेतच.

जमलं तर मधल्या वायपीडी प्लेटवरून तीन-चार तासांनी चिमूटभर पेशी पाण्यात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मेटिंग होत असेल तर दोन पेशी टोकाला टोक जुळून डंबेलसारखा आकार झालेला दिसतो, आणि कित्येकदा त्या जोडाच्या मानेतून नवी कळी फुटलेली असते. एकदा हा झायगोट पाहिला की विसरता येत नाही. निवडीच्या प्लेटची दोन दिवस वाट बघण्याआधीच निम्मं उत्तर हातात येतं.

आता निकाल वाचताना. संपूर्ण रिकामा ठिपका आणि चार-पाच विखुरलेल्या बारीक कॉलनी असलेला ठिपका, हे दोन वेगळे निकाल आहेत. समजा तुमचा अल्फा स्ट्रेन अल्फा टेस्टरबरोबर घातला आणि दोन-तीन कॉलनी उगवल्या. याचा गप्प कॅसेटशी काही संबंध असेलच असं नाही. एखाद्या पेशीने तिसरं गुणसूत्र किंवा मॅटचा भाग गमावला, की ती आपल्या मूळ स्वभावावर, म्हणजे ए वर, येते आणि अल्फाशी मेटिंग करते. जनुकसंचाची अस्थिरता मोजायला हीच गोष्ट मुद्दाम वापरतात. म्हणून 'थोडी वाढ' असं मोघम लिहू नका, कॉलनी मोजा.

दुसरी पायरी: पीसीआर, आणि ते नेमकं काय सांगतं

मॅटचा पीसीआर तीन प्रायमरचा (ठरावीक जागी बसणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचा) असतो. एक प्रायमर मॅटच्या उजवीकडे, एचएमएल आणि एचएमआरशी साम्य असलेल्या भागाच्या बाहेर बसतो. दुसरा फक्त ए च्या प्रतीत बसतो, तिसरा फक्त अल्फाच्या. बाहेरचा प्रायमर मॅटशीच बांधलेला असल्यामुळे गप्प प्रतींमधून काही वाढत नाही. १९९० पासून वापरात असलेल्या संचात ए साठी ५४४ आणि अल्फासाठी ४०४ बेसजोड्यांची पट्टी येते. कॉलनीच्या कणभर पेशी २० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये दहा मिनिटं उकळून घेतल्या की पुरतात. जास्त पेशी घेतल्या तर अभिक्रियाच बसते, तेव्हा द्रव जेमतेम गढूळ दिसेल इतक्याच घ्या.

हा पीसीआर आवाज ऐकत नाही, तो फक्त मॅटच्या जागी कोणती कॅसेट बसली आहे ते पाहतो. म्हणूनच मेटिंग टेस्टच्या शेजारी ठेवला की तो बोलका होतो. ठिपका रिकामा आणि पट्ट्या दोन, तर पेशी द्विगुणित आहे किंवा कॉलनी मिश्र आहे. ठिपका रिकामा आणि पट्टी एकच, तर गोष्ट रंजक होते: एकतर मेटिंगची यंत्रणा बिघडली आहे किंवा गप्प कॅसेट उघडल्या आहेत.

हे मी चांगलं पोळून शिकलो आहे. एका स्ट्रेनमध्ये जनुकं गप्प ठेवण्याची नवी त्रुटी सापडली, असं धरून मी तीन आठवडे पुढचे प्रयोग करत राहिलो. शेवटी पीसीआर केला तर दोन पट्ट्या. कधीतरी जुन्या प्लेटवर शेजारच्या ठिपक्याशी मेटिंग झालं होतं आणि मी द्विगुणित कॉलनी उचलली होती. तेव्हापासून रिकाम्या ठिपक्यानंतरचं माझं पहिलं काम म्हणजे हा पीसीआर.

तिसरी पायरी: बिघाड की उघडलेली कॅसेट

अल्फा स्ट्रेन असेल तर हेलो टेस्ट सर्वांत स्वस्त. अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांचा अल्फा-फॅक्टर बाहेर सोडतात आणि तो ए पेशींची वाढ जी-१ टप्प्यात थांबवतो. ए पेशी मात्र बार१ नावाचं प्रोटिएज सोडून हा फॅक्टर तोडतात, म्हणून थरासाठी बार१ नसलेला ए स्ट्रेन घ्या, तो फार संवेदनशील असतो. त्याच्या पातळ थरावर अल्फाचा ठिपका लावला की दुसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती स्वच्छ वलय दिसतं. तुमचा स्ट्रेन मेटिंग करत नाही पण वलय व्यवस्थित येतं, तर अल्फाची जनुकं चालू आहेत आणि बिघाड बहुधा फेरोमोन ओळखण्यात किंवा त्यापुढे आहे. स्टे३ हा रिसेप्टर गेलेला अल्फा स्ट्रेन असाच दिसतो. वलयही नाही आणि मेटिंगही नाही, तर उघडलेल्या कॅसेटचा संशय बळावतो, कारण ए१-अल्फा२ जोडी अल्फा१ बंद करते आणि त्यामागोमाग अल्फा-फॅक्टरही बंद होतो.

ए स्ट्रेन असेल तर उलट बाजूने जा. वाढत्या पेशींत अल्फा-फॅक्टर घाला आणि दोन-तीन तासांनी पाहा. निरोगी ए पेशी कळ्या काढणं थांबवतात आणि एका बाजूला टोक काढून नासपतीसारख्या होतात, ज्याला सगळे 'श्मू' म्हणतात. ज्यांची एचएमएल उघडली आहे त्या पेशी काहीच घडलं नसल्यासारख्या कळ्या काढत राहतात.

दुसरी खूण कळ्यांच्या जागेची. एकगुणित पेशी मागच्या कळीच्या शेजारीच पुढची कळी काढते, द्विगुणित पेशी दोन्ही टोकांना काढते. कॅसेट उघडलेली एकगुणित पेशी द्विगुणितासारखी, दोन टोकांना कळ्या काढते. कॅल्कोफ्लोरने कळ्यांचे जुने वण रंगवले की हे स्पष्ट दिसतं. एकच पट्टी, एकगुणिताएवढा डीएनए आणि दोन टोकांचे वण हे तिन्ही एकत्र आले, तर माझ्या मते शंकेला फारशी जागा उरत नाही.

तरीही थेट पुरावा हवाच. अल्फा स्ट्रेनमधून आरएनए काढा आणि ए१ चा संदेश शोधा. मॅटवर ए नाही, म्हणजे ए१ चा आरएनए मिळालाच तर तो एचएमआरमधूनच आला असणार. ए१ च्या जनुकात दोन छोटे इंट्रॉन आहेत. इंट्रॉन निघून गेल्यावर जिथे जोड होतो तिथे प्रायमर बसवला, तर आरएनएसोबत आलेला डीएनए फसवत नाही.

यापेक्षाही मला आवडते ती जनुकीय परीक्षा: संशयित अल्फा स्ट्रेनमधली एचएमआर काढून टाका. कॅसेट उघडण्याची त्रुटी असेल तर आता ए१ येणार कुठून? पेशी पुन्हा अल्फा म्हणून मेटिंग करू लागते. मेटिंगच्या यंत्रणेतलं एखादं स्टे जनुक बिघडलेलं असेल तर काहीच फरक पडत नाही. एकच बदल, आणि हो की नाही असं रोखठोक उत्तर.

गप्प कोण ठेवतं

प्रत्येक गप्प कॅसेटच्या दोन्ही बाजूंना ई आणि आय नावाचे सायलेन्सर, म्हणजे जनुकं गप्प ठेवणारे डीएनएचे तुकडे, असतात. एचएमआर-ई मध्ये तीन प्रथिनांच्या जागा आहेत: ओआरसी, रॅप१ आणि एबीएफ१. गंमत अशी की ही तिन्ही पेशीत इतरत्र वेगळीच कामं करतात. ओआरसी डीएनएची नक्कल सुरू करायला लागतं, आणि रॅप१ व एबीएफ१ तर कित्येक जनुकं चालू करतात. इथे मात्र ती सर प्रथिनांना बोलावतात. सर१ हे ओआरसीला धरतं, सर४ रॅप१ला, आणि मग सर२, सर३, सर४ यांची साखळी न्यूक्लिओसोमवरून (हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएवरून) पसरत जाते. सर२ हे हिस्टोन एच४ च्या सोळाव्या लायसिनवरचा असेटिल गट काढतं, आणि असेटिल नसलेल्या त्या शेपटीला सर३ घट्ट धरतं. सर२ ला या कामासाठी एनएडी लागतं, हे २००० साली दाखवलं गेलं.

प्रयोगासाठी यातून एक सोपा कंट्रोल मिळतो. निकोटिनामाइड सर२ ला अडवतं. ५ मिलिमोलर निकोटिनामाइडमध्ये वाढवलेल्या निरोगी ए पेशी अल्फा-फॅक्टरला दाद देईनाशा होतात. म्युटंट हाताशी नसतानाही 'उघडलेली कॅसेट' कशी दिसते ते असं बघता येतं.

सर२, सर३ किंवा सर४ यांपैकी एक जरी गेलं तरी दोन्ही कॅसेट पूर्ण उघडतात. सर१ गेलं तर वेगळंच घडतं, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. सर१ नसलेला ए स्ट्रेन साध्या टेस्टमध्ये 'कमजोर मेटिंग' दाखवतो. पण एकेक पेशी अल्फा-फॅक्टरवर ठेवून पाहिली तर कमजोर अशी कुणीच नसते. काही पेशी पक्क्या श्मू होतात, काही बिनधास्त वाढत राहतात. जनुकं तीच, माध्यम तेच, आणि दोन तऱ्हेच्या पेशी. प्रत्येक तऱ्हा आपल्या लेकींना तीच स्थिती देते, कधीतरीच ती बदलते. पिलस आणि राइन यांनी १९८९ साली हे दाखवलं. म्हणून प्लेटवर अर्धवट वाढ दिसली तर 'प्रत्येक पेशी थोडी थोडी बिघडली' असं गृहीत धरू नका. एकेक पेशी पाहिल्याशिवाय ते सांगता येत नाही.

रिपोर्टर वापरायचा असेल तर

कॅसेट गप्प आहे की उघडी ते कळावं म्हणून एचएमआरमध्ये यूआरए३ (युरासिल बनवायला लागणारं जनुक) घातलेला स्ट्रेन सोयीचा पडतो. कॅसेट गप्प असेल तर पेशी ५-एफओएवर वाढतात, उघडली की ५-एफओए विषारी होऊन मरतात, आणि युरासिलविरहित माध्यमावर याच्या उलट. दहा-दहा पटींनी पातळ केलेले ठिपके तीन प्लेटवर लावा: सर्वकाही असलेली, युरासिल नसलेली आणि ५-एफओएची (लिटरला १ ग्रॅम, सोबत युरासिल). नुसत्या ५-एफओएच्या प्लेटवर निष्कर्ष काढू नका. काही म्युटंटमध्ये न्यूक्लिओटाइडचं चयापचय बदललेलं असतं आणि यूआरए३ गप्प असूनही त्या पेशी ५-एफओएला बळी पडतात. २०११ मध्ये हे पुढे आल्यावर टेलोमिअरजवळच्या जनुकांबद्दलचे काही जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. युरासिल नसलेल्या प्लेटवर वाढ नाही आणि ५-एफओएवरही नाही, असं दिसलं की सावध व्हा आणि थेट आरएनए मोजा.

मेटिंग टाइप मुद्दाम बदलायचा असेल

प्रयोगशाळेतल्या बहुतेक स्ट्रेनमध्ये एचओ निकामी असतं, म्हणून त्यांचा मेटिंग टाइप स्थिर राहतो. बदलायचा तर गॅलक्टोजवर चालू होणारं एचओ असलेला प्लास्मिड घाला. पेशी रॅफिनोजमध्ये वाढवा, कारण ग्लुकोज असेल तर गॅलक्टोजचा प्रमोटर दबलेला राहतो. मग २ टक्के गॅलक्टोज तासभर द्या, ग्लुकोजच्या प्लेटवर पसरा आणि सुट्या कॉलनी तपासा. एचओ मॅटवर कापतं, आणि पेशी गप्प कॅसेटवरून नक्कल करून तो काप भरते. ए पेशी बहुतेक वेळा एचएमएल निवडते आणि अल्फा पेशी एचएमआर, म्हणून बदल सहसा फुकट जात नाही. गॅलक्टोज जास्त वेळ देऊ नका. बदललेल्या आणि न बदललेल्या पेशी शेजारीशेजारी आल्या की त्या आपसांत मेटिंग करून द्विगुणित होतात. निवडलेल्या कॉलनीचा पीसीआर करा, मग ५-एफओएवर (प्लास्मिडवर यूआरए३ असेल तर) किंवा बिननिवडीच्या माध्यमावर वाढवून प्लास्मिड घालवा.

एचओची जागा एचएमएल आणि एचएमआरवरही आहे, पण बंद क्रोमॅटिनमुळे ते तिथे कापू शकत नाही. म्हणून सर म्युटंटमध्ये हा प्रयोग करू नका, तिथे तीनही ठिकाणी काप बसू शकतात.

सर म्युटंटचा संकर

शेवटची अडचण: जो मेटिंगच करत नाही त्याचा संकर करायचा कसा? यूआरए३ असलेल्या प्लास्मिडवर सर२ ची चांगली प्रत द्या. पेशी पुन्हा मेटिंग करते, द्विगुणित मिळतो, मग ५-एफओएवर प्लास्मिड गमावलेल्या पेशी निवडा. निरोगी प्रत आता दुसऱ्या पालकाकडून आलेली असल्यामुळे द्विगुणिताला प्लास्मिडची गरज उरत नाही. १ टक्का पोटॅशियम असेटेटमध्ये बीजाणू तयार करा, झायमोलिएजने पिशवीची भिंत सैल करा आणि चौकडीतले चार बीजाणू वेगळे करा.

सर२ चौथ्या गुणसूत्रावर आहे आणि मॅट तिसऱ्यावर, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे वाटले जातात. प्रत्येक चौकडीत दोन बीजाणू मेटिंग करतील आणि दोन करणार नाहीत. मेटिंग करणारे दोघं कधी एक ए आणि एक अल्फा असतील, कधी दोघंही ए, कधी दोघंही अल्फा. न करणाऱ्या दोघांचा पीसीआर करा. प्रत्येकाची एकच पट्टी यायला हवी. एखाद्याच्या दोन आल्या, तर ती चौकडी सोडवताना दोन बीजाणू चिकटलेले राहिले होते असं समजा आणि ती चौकडी हिशोबातून वगळा.